पंत पडले

पानिपतच्या तिसऱ्या लढाईत, १४ जानेवारी १७६१ रोजी, आमच्या घराण्यातले एक पंत पडले, असं मी दोन वर्षांपूर्वी जाहीर केलं. जाहीर म्हणजे कट्ट्यावर नव्हे, संगमरवरावर. तीन फूट बाय दोन फूट, अक्षरं सोनेरी, वर आडव्या दोन तलवारी. त्याआधी अडीचशेच्या वर वर्षं ही गोष्ट घराण्यात कोणालाच ठाऊक नव्हती. हा मला तेव्हा घराण्याचा करंटेपणा वाटला होता. खरं कारण एवढंच होतं की ती घडलेली नव्हती.

मी बँकेतून निवृत्त झालो. निवृत्त मराठी माणसाला सोसायटीचं सेक्रेटरीपद, होमिओपॅथी किंवा इतिहास यांपैकी काहीतरी लागतंच. सोसायटीत मला कोणी विचारलं नाही. होमिओपॅथीच्या गोळ्यांची पहिली बाटली मी शेजाऱ्यांच्या सर्दीवर वापरली आणि त्यांना खोकला झाला. राहिला इतिहास. त्यात रोगी आधीच मेलेला असतो, हा मोठा दिलासा. शाळेत माझा इतिहास बेताचाच. बहामनी राज्याची पाच शकलं लिहायला सांगितली की मला चारच आठवायची आणि माझा एक मार्क दर वर्षी बिदरच्या बरीदशाहीत जायचा. पण साठीनंतर ही विद्या अंगात आली. शनिवारवाड्यावर युनियन जॅक कोणत्या तारखेला चढला (१७ नोव्हेंबर १८१७), हे मी गॅसवाल्या मुलालाही ऐकवलेलं आहे. त्याने सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवलेला होता, त्यामुळे चढण्याच्या विषयात त्याला आणखी रस उरला नव्हता.

एक सल मात्र होता. महाराष्ट्राच्या इतिहासात सगळ्यांचे पूर्वज आहेत, फक्त माझे नाहीत. कोणाचे खापरपणजोबा अटकेपार गेलेले, कोणाचे वसईच्या तटावर चढलेले. ज्यांचं काहीच नाही त्यांचं निदान इनाम तरी इंग्रजांनी बुडवलेलं असतं. सरकारने इनामांची चौकशी आरंभली, १८५२ साली त्याचा कायदा केला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात ज्याच्या घराण्याचं इनाम बुडालं नाही असा माणूस मला भेटलेला नाही. इतकी इनामं खरोखर असती तर शेतसारा भरायला कोणी शिल्लकच राहिलं नसतं. आमच्याकडे मात्र बुडवायलाही काही नव्हतं. वडिलांना विचारलं तर ते म्हणायचे, "आपले पूर्वज शेती करायचे आणि तीही बरी नाही."

अशात गावाकडच्या चुलतभावाचा फोन आला. जुनं घर पाडून तो स्लॅबचं बांधत होता, आणि माळ्यावर एक रुमाल सापडला होता.

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुन्या दप्तरातले कागद ज्या चौकोनी फडक्यात बांधून ठेवत, त्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत आणि त्यांतल्या कागदांची मोजणी कोटींत होते. रियासतकार सरदेसायांनी १९३० पासून चारेक वर्षांत त्यांतून निवडून ४५ खंड छापले, तरी तळ दिसला नाही. आमच्या रुमालात अकरा कागद होते. आठांचा कसरीने भुगा केला होता, एक कोरा होता, एकावर कोणा पोराने पावकीचा पाढा गिरवून मध्येच सोडून दिला होता. उरला एक. मोडीत लिहिलेला, हातभर लांब, मधे मधे भोकं पडलेला.

दुसऱ्या कोणी तो चुलीत घातला असता. पण माझ्या डोक्यात राजवाडे शिरले. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. आणि ती पत्रं सापडली वाईला. आमचं गाव वाईपासून एसटीने तासाभरावर! म्हणजे राजवाडे आणखी एक मुक्काम पुढे आले असते तर आमच्याच माळ्यावर चढले असते. ते आले नाहीत, याचा अर्थ नियतीने तो कागद माझ्यासाठी राखून ठेवला होता. (नियतीने नव्हे, कसरीने. तिला तेवढा एक पुरला नाही.)

मी मोडीचा वर्ग लावला. शनिवार-रविवार, एकूण दहा बैठका.

मोडी यादवांच्या हेमाद्रीने, म्हणजे आपल्या हेमाडपंताने सुरू केली, असं परंपरा सांगते. हा गृहस्थ देवगिरीला श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या सगळ्या दप्तराचा मुख्य. देवळांच्या बांधणीला त्याचं नाव, बाजरी त्याने आणली म्हणतात, मोडी त्याने लंकेहून आणली असंही म्हणतात. मला यातलं बाजरीचं पटतं. लिपी आणायची तर एवढ्या लांबून कोणी अशी आणणार नाही. आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि तिला अक्षरं वाळवणासारखी टांगत जायचं. हात उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम काही नाही आणि दोन शब्दांत फटही नाही. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायचं. यादव गेले, खिलजी आले, तुघलक आले, बहामनी झाले, निजामशाही-आदिलशाही झाली, स्वराज्य झालं, पेशवाई बुडाली, कंपनी सरकार आलं. पण कारकून तीच रेघ ओढत राहिला. आमच्या आजोबांच्या पिढीलाही शाळेत मोडी होती. इतक्या राजवटी बदलल्या तरी ती टिकली, याचं मला एकच कारण दिसतं. कारकुनाने काय लिहिलंय हे कोणत्याच राजाला धड कळत नसावं.

वर्गातल्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट तीनदा सांगितली होती. "अर्थ आधी ठरवू नका. अक्षर वाचा, मग शब्द, मग अर्थ." मी ते वहीत लाल शाईने लिहून घेतलं आणि वही मिटली.

दहापैकी सहा बैठकांना मी गेलो. एकीला भाचीचं केळवण होतं, दोनदा पाऊस होता, आणि ज्या दिवशी कालगणना होती त्या दिवशी मला सर्दी झाली. कालगणनेच्या टिपणांचा फोटो शेजारच्या बाकावरच्या बाईंनी पाठवला. त्यात वरची ओळ स्पष्ट होती: 'शुहूर सन: ५९९ किंवा ६०० मिळवा, इसवी सन येतो.' खाली आणखी काही होतं, पण तिथे बाईंचा अंगठा आला होता. त्या अंगठ्याखाली माझी अब्रू होती, हे मला पुढे कळलं.

शुहूर सन हा मराठी कागदांत पदोपदी भेटतो. मुहम्मद तुघलकाच्या काळात, १३४४ च्या सुमाराला तो सुरू झाला असं मानतात. राजधानी दिल्लीहून दौलताबादला नेणाऱ्या माणसाच्या राज्यात निघालेलं वर्ष मी डोळे झाकून वापरायला घेतलं, यात माझंही काही चुकलं असावं.

तर एका रात्री जेवणं झाल्यावर मी भिंग, वही आणि कागद घेऊन बसलो. पहिल्या ओळीत 'सन १' असा आकडा, मग कसरीचं भोक, मग '६१ फसली'. भोकात एकच आकडा मावत होता. मी तिथे १ बसवला. ११६१. त्यात ६०० मिळवले.

१७६१!

बँकेत सदतीस वर्षं बेरजा केलेला माझा हात थरथरला. पुढचा शब्द तर हृदयाला घरं पाडणारा होता: 'फसली'. मोहीम फसली! पानिपतासारख्या प्रलयाचं एका शब्दात इतकं नेमकं वर्णन कोणा बखरकारालाही जमलेलं नाही. आता मी अक्षरं वाचत नव्हतो, अक्षरंच माझ्याकडे धावत येत होती. तिसऱ्या ओळीत 'पाणीपती बाकी पडले'. म्हणजे पानिपतावर बाकीचे सगळे पडले. पाचव्या ओळीत 'भाऊसाहेबाकडे गेले'. सदाशिवरावभाऊ! सहावीत 'मोहरा गेल्या'. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेतून कळली, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. ती भाषा आमच्या माळ्यावर होती! आणि आठव्या ओळीत, कसरीच्या दोन भोकांमध्ये, 'विश्वासरा... नाही'. राव कसरीने खाल्ला होता, पण पेशव्यांचा अठरा वर्षांचा कोवळा पोर विश्वासराव मला त्या भोकातूनही दिसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, उगाच लिहीत नाही.

तळाशी नाव खाल्लेलं होतं, एवढं 'पंत' वाचता येत होतं. रात्री सव्वा वाजता मी हिला उठवलं.

"आपले पंत पानिपतावर पडले!"

ही दचकून उठली. "कोण पडलं? कुठे? बाथरूममध्ये?"

मी सगळं वाचून दाखवलं. हिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "आणि शेवटची ओळ वाचली नाहीत."

शेवटच्या ओळीत 'म्हैसूर' होतं आणि पुढचं अक्षर पुसट होतं. तो शब्द मीही पाहिला होता, पण तो बसेना म्हणून पुढे ढकलला होता.

"पानिपतानंतर पंत हैदरावरच्या म्हैसूरच्या स्वारीत गेले असावेत," मी म्हणालो.

"पण पडले होते ना?"

"पडले म्हणजे मेले असं नाही. पडले. मग उठले."

"आणि हे लिहिलं कधी? पडायच्या आधी, का उठल्यावर?" एवढं बोलून हिने कूस बदलली.

'असावेत' या शब्दाविषयी दोन वाक्यं लिहायलाच हवीत. याच्याइतकं स्वस्त आणि दमदार घोडं मराठी भाषेत दुसरं नाही. दाणा नको, वैरण नको, माणसाला पानिपताहून श्रीरंगपट्टणला एका ओळीत पोहोचवतं. मी त्या रात्री वहीची चार पानं लिहिली, त्यात 'असावेत' एकोणीस वेळा आलं.

सकाळी मी कागदाचा फोटो घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. एरवी या ग्रुपवर सुप्रभाताची गुलाबाची फुलं आणि कोणाच्या तरी गुडघ्याची शस्त्रक्रिया एवढंच येतं. दुपारपर्यंत १३० निरोप आले. अमेरिकेतल्या पुतण्याने लिहिलं, रक्तातच होतं काहीतरी. तो तिथे विमा कंपनीत आहे. नाशिकच्या आत्याने संध्याकाळी फोन केला. "अरे, माझी आजी सांगायची की! पंत घोड्यावरून गेले ते आलेच नाहीत. आम्ही लहान होतो, लक्ष दिलं नाही." दुसऱ्या दिवशी आत्याच्या आठवणीत घोड्याचा रंग आला, तिसऱ्या दिवशी तलवार आली. चुलतभावाने ती अडगळीतून शोधूनही काढली. तो उसाचा कोयता होता, पण फोटो असा तिरका काढला की कोणी हरकत घेतली नाही. मौखिक परंपरा तयार व्हायला शतकं लागतात असं मी वाचलं होतं. आमच्याकडे तिला तीन दिवस लागले.

मग कुलसंमेलन ठरलं. माणशी पाचशे एक रुपये, मंगल कार्यालय तालुक्याच्या गावी, जेवणात मसालेभात आणि जिलबी, दिवस अर्थातच संक्रांत. पानिपतावर संक्रांत कोसळली, तर स्मरणही संक्रांतीलाच, ही कल्पना माझी. संगमरवरी फलकाची कल्पनाही माझीच. फलकावर काय कोरायचं यावर ग्रुपवर चार दिवस खल झाला. 'धारातीर्थी' की 'रणांगणी', यावर दोन मावसभावांत अबोला झाला तो अजून आहे. आणि मूळ कागदाचं जाहीर वाचन करायचं, हीही कल्पना माझी. इतक्या कल्पना एका डोक्यात एका वेळी येऊ नयेत.

प्रमुख पाहुणे म्हणून मी तालुक्यातल्या एका मोडी वाचकांना बोलावलं. ऐंशीच्या पुढचे, पूर्वी मास्तर होते, म्हणून सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. जमिनीच्या दाव्यांतले जुने कागद वाचून देण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. हल्ली जुन्या नोंदी शोधायच्या म्हणून मोडी वाचणाऱ्यांना भलती मागणी आली आहे, तरी ते आले. मानधनाचं विचारलं तर म्हणाले, "कागद बघायला मिळतोय ना?" मी ते विनयाचं बोलणं समजलो. ती धमकी होती.

संमेलनाला १३७ माणसं. भगवे फेटे बांधलेले. जावयांनाही बांधले. व्यासपीठावर फलक, त्यावर रेशमी पडदा. मी प्रास्ताविक केलं पाऊण तास. त्यात अब्दाली आला, नजीबखान आला, कुंजपुरा आला, उपासमार आली. मग कागद गुरुजींच्या हातात दिला.

त्यांनी आधी माइकवर एक बारीकशी दुरुस्ती केली. "१४ जानेवारी १७६१ हा पौष शुद्ध अष्टमीचा बुधवार. त्या वर्षी संक्रांत चारेक दिवस आधीच होऊन गेली होती. संक्रांत कोसळली हे म्हणणं बरोबर आहे, पण तारखेने नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हेही भाषण आहे. मग गुरुजींनी भिंग काढलं, कागद उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला, वास घेतला, आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आपणच वाचलात?"

"हो."

"बरं."

या 'बरं'मध्ये मराठी भाषेचं सगळं सामर्थ्य आहे. पण मी हसऱ्या चेहऱ्याने माइक त्यांच्या आणखी जवळ सरकवला.

"सन, पुढे भोक, आणि ६१ फसली," गुरुजी म्हणाले.

"मोहीम फसली!" मी मागून सभेला समजावून दिलं.

"फसली हे सनाचं नाव आहे," गुरुजी म्हणाले. "फसल म्हणजे पीक. पिकाच्या हिशेबाने वसूल घ्यायचा म्हणून अकबराने हा सन उत्तरेत चालू केला. शहाजहानच्या काळात दक्षिणेत आला. महसुलाच्या कागदात हाच असतो. यात ५९० मिळवायचे. शुहूरचे ६०० नव्हेत."

बाईंचा अंगठा मला तेव्हा आठवला.

"आणि भोकातला आकडा २ आहे," गुरुजी पुढे म्हणाले, "कारण खाली 'कंपनी सरकार' स्वच्छ लिहिलंय." ते मीही वाचलं होतं. मी 'कुमक सरदार' असं वाचलं होतं.

पहिल्या रांगेतल्या भाच्याने मोबाइलवर बेरीज केली आणि मोठ्याने ओरडला, "१८५१!"

"तेव्हा पानिपत होतं का रे?" नाशिकच्या आत्याने विचारलं.

"तेव्हा साताऱ्याचं राज्यसुद्धा नव्हतं, आक्का," गुरुजी म्हणाले, आणि आता त्यांना रंग चढला. "प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ सालीच पदच्युत करून काशीला नेलं. १८४८ साली त्यांचे भाऊ अप्पासाहेब महाराज निपुत्रिक वारले. डलहौसी नुकता आलेला. त्याने दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा. रंगो बापूजी बिचारे महाराजांची बाजू मांडायला १८४० पासून लंडनमध्ये बसलेले. हा कागद लिहिला तेव्हाही तिथेच होते ते. आता मजकूर बघू."

माझ्या हातात माइकचा स्टँड होता. तो मी का धरून ठेवला होता, सांगता येणार नाही. आधार म्हणून असावा. (विसावं.)

गुरुजींनी वाचलं. सावकाश, प्रत्येक शब्द तोडून. मोडीत शब्द कुठे तोडायचा याला किती महत्त्व आहे, ते १३७ माणसांना त्या दिवशी एकदम समजलं. 'पाणीपती बाकी पडले' असं नव्हतंच. 'पाणीपटी बाकी पडली' असं होतं. ट आणि त यांत मी घोटाळा केला होता. पाटाच्या पाण्याची दोन वर्षांची पट्टी पंतांनी भरलेली नव्हती. भाऊसाहेबांकडे कोणी गेलं नव्हतं. पंतांचा भाऊ साहेबाकडे गेला होता, साताऱ्याला, पायी, आणि तीन दिवस कचेरीबाहेर बसून परत आला होता. मोहरा नव्हत्या, मोहरी होती. पट्टी भागवायला तीही विकून गेली. विश्वासरावांचा तर पत्ताच नव्हता. 'सावकाराचा विश्वास राहिला नाही' असं ते होतं, म्हणजे आता तो कर्जही देत नाही.

"आणि म्हैसूर?" हिने तिसऱ्या रांगेतून विचारलं. बायको असं का विचारते, यावर कोणी प्रबंध लिहावा.

"म्हैसूर?" गुरुजींनी भिंग खाली नेलं. "नाही. 'म्हैस उरली'. पदरी एक म्हैस उरली, तरी मेहेरबानी करून बाकीचे हप्ते बांधून द्यावे. अर्ज आहे हा. अर्जाचा कच्चा मसुदा."

सभागृहात शांतता होती. मग मागच्या दाराशी जिलबीची परात घेऊन उभा असलेला वाढपी हसला. त्याच्या पाठोपाठ आमचं समस्त शूर घराणं हसलं. फेटे सुटले. 'धारातीर्थी' आणि 'रणांगणी' दोघेही एकाच वेळी हसले, पण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. भाऊसाहेबांच्या तोतयाला १७७६ साली देहान्त शासन झालं होतं. आमच्या तोतया पंतांना आणि त्यांच्या शोधकर्त्याला त्या मानाने स्वस्तात सोडलं, असं चुलतभावाने माइकवर सांगितलं. वर्गणीचा हिशेब कोणी मागितला तेव्हा मी म्हणालो, माझ्यावर विश्वास ठेवा. पाच-सहा जण एका सुरात म्हणाले, "विश्वास गेला पानिपतात!" ही म्हण इतकी चपखल बसलेली मी आयुष्यात पाहिली नाही, आणि ती नेमकी माझ्यावर बसावी!

गुरुजी मात्र हसत नव्हते. ते अजून कागद बघत होते. जेवताना माझ्या शेजारी बसून म्हणाले, "पानिपतची पत्रं पुष्कळ छापून झालीत हो. राजवाडे झाले, सरदेसाई झाले. पण राज्य बुडून तीन वर्षं झाल्यावर एका गावातला माणूस नव्या साहेबाला कोणत्या शब्दांत हप्ते मागतो, मोहरी कधी विकतो, कचेरीत किती दिवस बसतो, हे कोण जपून ठेवतं? याची नीट नक्कल करा. मी तपासून देतो." मी मान हलवली. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला मोहरीचं काही कौतुक नव्हतं. ज्याने दोन महिने पूर्वजांना घोड्यावर बसवून हिंडवलं आहे, त्याला एकदम म्हशीवर उतरायला सांगणं क्रूर आहे.

निघताना नाशिकच्या आत्याने हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "अरे, आता आठवलं. आजी म्हशीचंच काहीतरी सांगायची."

नक्कल मी केली. उरलेल्या चार बैठकाही पुढच्या वर्गात भरून काढल्या. गुरुजींनी माझ्या नकलेत एकवीस चुका काढल्या, त्यातली एकही कसरीची नव्हती. कागद आता नीट सपाट करून ठेवलाय आणि हिने त्याला 'पंतांची थकबाकी' असं नाव दिलंय. महापालिकेचं पाणीपट्टीचं बिल आलं की ती ते त्या कागदाशेजारी ठेवते. तोंडाने काही बोलत नाही.

फलकाचा प्रश्न राहिला आहे. कारागीर तो परत घेत नाही. सध्या चुलतभावाच्या नव्या घरामागे, पाटाच्या कडेला, कोरलेली बाजू खाली करून तो कपडे धुवायला ठेवलेला आहे, आणि चांगला धोंडा असल्याचं वहिनी सांगतात. दगड उत्तम मकराण्याचा आहे, पाठ कोरी आहे, तलवारी जशाच्या तशा वापरता येतील. वाचकांपैकी कोणाचे पूर्वज खरोखर पानिपतावर पडले असतील, आणि तसा कागद माझ्याखेरीज दुसऱ्या कोणी वाचलेला असेल, तर त्यांनी तो जरूर घेऊन जावा. किंमत काही नाही. वाहतूक ज्याची त्याने करायची.